कॉलेज डगमगतंय, अ‍ॅडमिशन घ्यायची का?

सीईटीचा निकाल लागला, राउंडच्या याद्या यायला लागल्या की माझा फोन वाजायचा थांबत नाही. नागपूरला सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे म्हणजे हिला महाराष्ट्रातली सगळी नर्सिंग कॉलेजं पाठ असणार असा लोकांचा समज आहे, त्यामुळे गावाकडचे, सासरचे, वॉर्डातल्या मावशींच्या ओळखीचे, कधीकधी तर डिस्चार्ज होऊन गेलेल्या पेशंटचे भाऊसुद्धा विचारतात, सिस्टर, अमुक गावचं कॉलेज कसं आहे हो, पोरीचा नंबर लागलाय. आधी विचारायचे फी किती, हॉस्टेल आहे का, नोकरी लागते का. अलीकडे वेगळंच विचारतात. कॉलेज टिकेल ना? चार वर्षं पुरी व्हायच्या आत बंद तर नाही पडणार?

यावर्षी हे सगळं आमच्याच घरात आलं. माझा धाकटा भाऊ वरूडकडे राहतो, संत्र्याचा बगीचा आहे, फार मोठा नाही. त्याची मोठी पोरगी, म्हणजे माझी भाची, बारावी सायन्स झाली, सीईटी दिली आणि घरापासून तासाभरावर असलेल्या एका खासगी कॉलेजला तिचा बीएस्सी नर्सिंगला नंबर लागला. पेढे वाटून झाले आणि लगेच भावाच्या एका मित्राने सांगितलं की त्याची पुतणी तिथेच सेकंड इयरला आहे आणि तिथलं काही खरं नाही. प्रिन्सिपल मॅडम मधूनच सोडून गेल्या, ट्यूटर लोकांचे पगार कित्येक महिने झाले नाहीत म्हणून त्या एकेक करून चालल्यात, ट्रस्टींची आपसात भांडणं आहेत, आणि ज्या मोठ्या हॉस्पिटलशी करार होता तिथे पोरींना आता आत घेत नाहीत. कॉलेजला फोन लावला तर ऑफिसमधला माणूस म्हणे, काही नाही हो काका, मॅनेजमेंट बदलून राहिलं, सगळं सुरळीत होते, तुम्ही आधी ओरिजनल कागद घेऊन या आणि सीट पक्की करा.

भावाचा रात्री फोन. "ताई, मले तर काही समजूनच नाही राह्यलं. घ्याची का नाही घ्याची, तू सांग."

आता यावर दोन उत्तरं कुणीही देतं. एक, नको रे बाबा, पोरीचं आयुष्य आहे. आणि दुसरं, अरे सगळीच कॉलेजं अशीच असतात, डिग्री मिळाल्याशी मतलब. मला दोन्ही पटत नाहीत. पहिलं बोलणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही, आणि दुसरं जे बोलतात ते आजारी पडले की मात्र त्यांना हाताला न दुखवता सलाईन लावणारी सिस्टर पाहिजे असते.

वरूडहून पांढुर्णा फार लांब नाही. मध्य प्रदेशात असलं तरी घराघरात मराठी बोलतात, आमच्या कितीतरी सोयरिकी तिकडे आहेत. माझ्या मावसबहिणीची मुलगी तिकडेच एका कॉलेजात २०२० च्या बॅचला बीएस्सी नर्सिंगला होती, आणि त्या राज्यातल्या नर्सिंग कॉलेजांचं पुढे जे झालं ते पेपरात वाचून नाही तर तिच्या आईच्या फोनवरच्या रडण्यातून आम्हाला कळत गेलं. कोविडच्या काळात तिकडे भराभर कॉलेजं उघडली, कागदावर बिल्डिंग, कागदावर हॉस्पिटल, कागदावर शिक्षक. एकाच माणसाचं नाव एकाच वेळी कितीतरी कॉलेजांत फॅकल्टी म्हणून दाखवलेलं. २०२२ मध्ये लॉ स्टुडंट्स असोसिएशन नावाच्या संघटनेने जबलपूर हायकोर्टात याचिका टाकली, कोर्टाने सीबीआयला तपासायला सांगितलं, तीनशेच्या वर कॉलेजं तपासली गेली. शेवटी ६६ कॉलेजं सरळ अपात्र ठरली, मे २०२४ मध्ये सरकारने ती बंद करायचे आदेश काढले, आणि त्याच महिन्यात तपास करणारा सीबीआयचाच एक इन्स्पेक्टर लाच घेताना पकडला गेला, म्हणजे पास केलेली कॉलेजं तरी खरी पास आहेत का असा प्रश्न पडून १६९ कॉलेजं पुन्हा तपासा असं कोर्टाला सांगावं लागलं. या सगळ्यात परीक्षा अडकल्या. २०२० च्या बॅचच्या पोरींची तीन वर्षं उलटली तरी फर्स्ट इयरची परीक्षा झालेली नव्हती. चार वर्षांचा कोर्स आणि तीन वर्षांनी अजून फर्स्ट इयर! बहिणीची मुलगी तोपर्यंत इंदूरला एका नर्सिंग होममध्ये रिसेप्शनला बसायला लागली होती.

हे मी लांबण लावून सांगतेय कारण यातल्या बहुतेक कॉलेजांकडे मान्यतेचा कागद होता. फ्रेम करून प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये लावलेला. आणि आपले लोक विचारतात तेच, मॅडम, मान्यता आहे ना? आहे म्हटलं की निवांत होतात. आपल्याकडे कागद तरी किती आहेत बघा, राज्य सरकारचं परवानगीचं पत्र, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, इंडियन नर्सिंग कौन्सिल, बीएस्सीला नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं संलग्नीकरण, जीएनएम, म्हणजे तीन वर्षांचा नर्सिंगचा डिप्लोमा, असेल तर परीक्षेला वेगळं बोर्ड. त्यात २०१७ मध्ये कर्नाटक हायकोर्टाने म्हटलं की इंडियन नर्सिंग कौन्सिलला कॉलेजांना मान्यता द्यायचा अधिकारच नाही, १९४७ च्या कायद्यात तो दिलेलाच नाही. मग २०२३ मध्ये त्या जुन्या कायद्याच्या जागी आणायला म्हणून नवीन नॅशनल नर्सिंग अँड मिडवायफरी कमिशनचा कायदा झाला. संत्रा पिकवणाऱ्या माणसाने यातलं नेमकं काय तपासायचं? कागद बघायचेच, नाही असं नाही, विद्यापीठाच्या वेबसाइटवर कॉलेजचं नाव आणि यावर्षीच्या सीटा बघा, त्या आधीच्या वर्षीपेक्षा एकदम कमी झाल्या असतील तर का ते विचारा. शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेली फी किती ते बघा, आणि त्याच्यावरचे पैसे रोख मागत असतील तर सावध व्हा. पण हे पहिलं पाऊल झालं. कागद सगळे असून आत काही नाही असं असू शकतं.

आणि ते कसं होतं तेही सांगते, कारण आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असून कुणी मोठ्याने बोलत नाही. विद्यापीठाची कमिटी यायची असते, आम्ही तिला एलआयसी म्हणतो, लोकल इन्क्वायरी कमिटी. एलआयसी येणार म्हटलं की काही कॉलेजांत लग्नघरासारखी धावपळ सुरू होते. कुठूनतरी शिक्षक येतात, एक दिवसापुरते, एमएस्सीची सर्टिफिकेटं घेऊन, हाताचे ठसे देऊन, जेवून परत जातात. शेजारच्या गावातून माणसं आणून कॉटवर झोपवतात, त्यांच्या नावाने केसपेपर भरतात. लायब्ररीत पुस्तकं येतात, दुसऱ्या कॉलेजचे शिक्के खोडलेली. कमिटी गेली की सगळं पुन्हा ओस. सगळीकडे असं चालतं असं माझं म्हणणं नाही. चांगली कॉलेजं आहेत, खासगीतही आहेत, त्यांच्या पोरी आमच्या वॉर्डात आल्या की ओळखू येतात.

तर भावाला म्हटलं, मी सुट्टी टाकते, आपण जाऊन बघू, आणि सांगून जायचं नाही.

बिल्डिंग छान होती हे आधीच सांगते. काचेचं दार, मोठा फलक, दारात फुलझाडं. स्किल लॅबमधल्या मॅनिकिनवरचं, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावरचं, प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं पण ठीक आहे, नवीन आणलं असेल. मला बघायचं होतं ते शेजारचं त्यांचं स्वतःचं हॉस्पिटल, ज्याच्यावर शंभर खाटांचे असं लिहिलेलं. बीएस्सी कॉलेजला शंभर खाटांचं स्वतःचं हॉस्पिटल लागतं, आणि नुसत्या खाटा नाहीत, त्यातल्या ७५ टक्के भरलेल्या पाहिजेत असा नियम आहे. आम्ही गेलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, म्हणजे कुठल्याही हॉस्पिटलात सगळ्यात जास्त गडबडीची वेळ, राउंड चाललेला असतो, ड्रेसिंग चाललेली असतात, नातेवाईक औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन पळत असतात. इथे एक म्हातारे बाबा बीपी बघायला म्हणून बाकावर बसले होते आणि तेही वॉचमनचे काका निघाले. वॉर्डात खाटा ओळीने, वर पांढऱ्या चादरी, एकीलासुद्धा सुरकुती नाही. नर्सिंग स्टेशनवर कुणी नव्हतं. मी सवयीने क्रॅश कार्टचा, म्हणजे इमर्जन्सीचं सामान ठेवायच्या ट्रॉलीचा, ड्रॉवर ओढला तर आत खाली पसरलेला वर्तमानपत्राचा कागद आणि त्यावर एक गंजकी कात्री. कोपऱ्यात लाल, पिवळ्या पिशव्यांचे डबे होते, नियमाप्रमाणे, स्टिकर लावलेले. पिवळ्या पिशवीत काही नव्हतं. ज्या वॉर्डात सकाळी अकरा वाजता पिवळ्या पिशवीत एक रक्ताळलेला कापूस नाही, तिथे पेशंट नाही, कुणाला विचारायचीही गरज नाही.

भाऊ म्हणत होता, स्वच्छ आहे ना पण ताई. मी म्हटलं, हो, फारच स्वच्छ आहे.

मग त्याला त्याच्या भाषेत सांगितलं. बगीचा घ्यायला व्यापारी येतो तेव्हा तो काय बघतो? तारेचं कुंपण बघतो का, गेटला रंग कुठला दिलाय ते बघतो का? झाडाझाडाखाली फिरून फळ बघतो, किती आहे, टिकेल का, गळ किती आहे, आणि मगच इसार देतो. नर्सिंग कॉलेजचं फळ म्हणजे पेशंट आणि शिकवणाऱ्या सिस्टर. बाकी सगळं कुंपण. हे त्याला लगेच पटलं, कारण व्यापारी त्याला दरवर्षी असेच घासाघीस करून रडवतात.

बाहेर चहाच्या टपरीवर तीन-चार पोरी बसल्या होत्या, ॲप्रन घडी करून मांडीवर घेतलेला. त्यातच ती भावाच्या मित्राची पुतणी. तिला विचारलं पोस्टिंग, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रॅक्टिकल, कुठे असते. म्हणाली, मॅडम, आम्हाला बसने एका ग्रामीण रुग्णालयात नेतात, आठवड्यातून दोनदा, कधी बस नसली की तेही नाही, आणि तिथे अजून दोन-तीन कॉलेजच्या पोरी असतात, एका पेशंटभोवती आम्ही आठ-दहा जणी, पेशंटच वैतागतो. नियमाने एका विद्यार्थिनीला तीन पेशंट पाहिजेत, आणि इथे एका पेशंटला दहा विद्यार्थिनी. इंजेक्शन दिलं का कधी? एकीने दिलं होतं, टीटीचं. कॅथेटर? बघितलं आहे, म्हणाली, लांबून. सोबत ट्यूटर असते का? मॅडम बसमध्ये असतात, तिथे गेल्यावर फोनवर असतात. हे सांगताना पोरी हसत होत्या, आणि मला हसू येत नव्हतं, कारण याच पोरी दोन-अडीच वर्षांनी कुठल्यातरी आयसीयूत नाइटला एकट्या असणार आहेत.

आमच्या वेळी मिडवायफरीला वीस नॉर्मल डिलिव्हऱ्या स्वतः करून केसबुकमध्ये लिहाव्या लागायच्या. लेबर रूमला मुक्काम ठोकायचो आम्ही, ड्युटी संपली तरी बाईला कळा येतायत म्हणून थांबायचो, कुणाला केस मिळणार यावरून भांडायचो. ती वीस नावं, वेळा, बाळाचं वजन, वार पूर्ण आली का, टाके घातले का, सगळं हाताने लिहायचं आणि लेबर रूमच्या सिस्टरची सही घ्यायची, आणि ती सिस्टर सही देताना असं काही विचारायची की केस केलीच नसेल तर तिथेच फजिती व्हायची. आता कितीतरी ठिकाणी केसबुक एकीचं बघून दुसरीने उतरवलेलं असतं, बायका त्याच, बाळं तीच, वजनं सुद्धा तीच. पोरींना दोष देऊन काय उपयोग, जिथे बाळंतपणंच होत नाहीत तिथे वीस काय आणि दहा काय, आणणार कुठून. पण नियम तर असा आहे की प्रॅक्टिकलची हजेरी शंभर टक्के भरल्याशिवाय डिग्री नाही. म्हणजे हॉस्पिटलचा करार तुटला की कॉलेज बंद पडायची वाट बघायला नको, पोरगी त्याच दिवशी अडकली. एकतर खोटी हजेरी भरायची नाहीतर बसून राहायचं. नर्सिंगमध्ये मधूनच कॉलेज बदलणंही सहज होत नाही, आणि टीसी, मार्कशीट कॉलेजच्या कपाटात.

आणि समजा कशीबशी डिग्री मिळाली आणि कॉलेज नंतर बंद पडलं, तर काय बिघडतं असं भावाने विचारलं. बिघडतं. आमच्या बरोबरीची एक सौदीला गेली, एकीने अमेरिकेची तयारी केली. तिकडे जायचं तर सगळी कागदपत्रं जिथून निघाली तिथूनच तपासून घेतात, गल्फसाठी डेटाफ्लो, अमेरिकेसाठी सीजीएफएनएस, ज्याचं नाव आता ट्रूमेरिट झालंय. कुठल्या विषयाचे किती तास झाले, कुठल्या वॉर्डात किती पोस्टिंग झाली याचं पत्रक कॉलेजने सही-शिक्क्यानिशी द्यायचं असतं. कॉलेजच राहिलं नाही तर सही कोण करणार? मग विद्यापीठाचे खेटे, नाशिकला रजा काढून जा, जुनी रजिस्टरं शोधा. डिग्री भिंतीवर लटकलेली असते आणि तरी दहा वर्षांनी त्या कॉलेजला शोधत फिरावं लागतं.

इथे थोडं दुसऱ्या बाजूनेही बोलायला पाहिजे, नाहीतर वाटेल की पगार थकले म्हणजे कॉलेज वाईट. तसं नाही. पगार का थकतात ते बघायला हवं. खासगी नर्सिंग कॉलेजात बहुतेक पोरी स्कॉलरशिपवर असतात, फीचे पैसे सरकारच्या महाडीबीटी पोर्टलमधून यायचे असतात आणि ते वेळेवर येतीलच असं नाही. २०२४ पासून तर आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक कोर्सची पूर्ण ट्यूशन फी माफ झाली, ईडब्ल्यूएस, ओबीसी, एसईबीसी सगळ्यांना, पण ती सरकारी राउंडमधून आलेल्यांनाच, मॅनेजमेंट कोट्याला नाही. चांगलीच गोष्ट आहे, माझ्या भावासारख्यांना मोठा आधार आहे. पण सरकारचे पैसे येईपर्यंत छोट्या संस्थेने पगार कुठून द्यायचे? मग कुणी पालकांना म्हणतं आधी भरा, स्कॉलरशिप आली की परत देतो, आणि ते परत मिळायला पालकांच्या चपला झिजतात. माझ्या ओळखीत एक छोटं कॉलेज होतं, दोन भावांच्या वादात ट्रस्टची खाती गोठली, शिक्षकांना जवळपास वर्षभर नीट पगार नाही, पण तिथल्या दोन ट्यूटर रोज सकाळी सातला पोरींना घेऊन सिव्हिलच्या वॉर्डात हजर असायच्या. स्वतः बेड मेकिंग करून दाखवायच्या. त्या बॅचच्या पोरी आज चांगल्या ठिकाणी आहेत, एक तर आमच्याच आयसीयूला आहे आणि तिच्या हाताखाली मी माझ्या घरचं माणूस डोळे झाकून देईन. म्हणजे पैशाने डगमगलेलं कॉलेज आणि पेशंटने डगमगलेलं कॉलेज यात फरक आहे. पहिल्यात धोका पत्करायला माझी ना नाही, घरची तयारी असेल तर. दुसऱ्यात नाही.

मग लोक म्हणतात, यावर्षी थांबू द्या, पुढच्या वर्षी पुन्हा सीईटी देईल, चांगलं कॉलेज मिळेल. शहरातल्या घरात हा सल्ला चालतो. गावाकडे पोरगी एक वर्ष घरी राहिली की काय होतं ते मला माहीत आहे. आधी आजी म्हणते स्वयंपाक तरी शिकेल. मग दिवाळीत मामा येतो, त्याच्या ओळखीत एक मुलगा असतो, पुण्याला कंपनीत. मग बघायला काय हरकत आहे. मग मुलाकडचे म्हणतात आम्ही शिकवू की पुढे. माझ्या गावातल्या किती पोरींची बारावीनंतरची गॅप कधी संपलीच नाही. म्हणून डगमगत्या कॉलेजात सुद्धा अ‍ॅडमिशन घेणाऱ्या आईबापांना मी मूर्ख म्हणत नाही. कितीतरी जणांचा हिशोब असा असतो की कॉलेज कसंही असो, पोरगी घराबाहेर पडली, चार वर्षं लग्नाचा विषय नाही. हा हिशोब चुकीचा आहे असं मला तिच्या आईसमोर बसून म्हणता येणार नाही.

आमच्याकडे सुदैवाने तिसरा रस्ता होता. भाचीने जीएनएमचा फॉर्मही भरून ठेवला होता, माझ्याच आग्रहाने, आणि एका जिल्ह्याच्या सरकारी सिव्हिल हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलला तिचं नाव लागलं होतं. तीन वर्षं, फी नगण्य, हॉस्टेल आवारातच. पण ते घरापासून लांब, आणि मुख्य म्हणजे डिप्लोमा.

"पोरीले डिग्री पायजे ताई. लोकं काय म्हणतीन, बीएस्सीले नंबर लागला अन् डिप्लोमाले पाठवली."

शिवाय त्याने कुठूनतरी ऐकलेलं की जीएनएम बंदच होणार आहे. ते अगदीच खोटं नव्हतं. २०१९ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलने जीएनएम हळूहळू बंद करून फक्त डिग्रीच ठेवायची असं ठरवलं होतं, नंतर ते मागे पडलं. म्हणजे आमच्या क्षेत्रात डगमगतं ते एखादं कॉलेजच असं नाही, अख्खा कोर्ससुद्धा डगमगून परत उभा राहतो. मी त्याला समजावलं की सरकारी अधिपरिचारिकेच्या जागेला जीएनएम पण चालतं आणि बीएस्सी पण चालतं, वॉर्डात उभं राहिल्यावर पेशंट विचारत नाही. एम्सच्या नॉरसेट परीक्षेला जीएनएमवाल्यांना पन्नास खाटांच्या हॉस्पिटलचा दोन वर्षांचा अनुभव लागतो, बीएस्सीला लागत नाही, हा फरक खरा आहे, तो लपवला नाही. पण जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून डिग्री मिळते. तीन अधिक दोन पाच. एक वर्ष जास्त. तो बोटं मोजत बसला. वहिनी तोपर्यंत काही बोलली नव्हती, ती म्हणाली, वन्सं, हॉस्टेलला रात्री वॉर्डन असते का? मला वाटतं सगळ्यांत कामाचा प्रश्न तिनेच विचारला.

शेवटी भाचीलाच घेऊन त्या सिव्हिलला गेलो. फीमेल मेडिकल वॉर्ड, पंख्याचा आवाज, फिनाईलचा वास, एका खाटेवर दोघी, खाली गादी टाकून अजून एक. भिंतीचा रंग उडालेला, बाथरूमचं विचारू नका. भावाचं तोंड बघण्यासारखं झालं. तेवढ्यात थर्ड इयरची एक बारकीशी पोरगी ट्रे घेऊन आली, एका आजीच्या हाताला सूज आलेली दिसली तिला, सलाईन बाहेर जात होतं, तिने आधी क्लॅम्प बंद केला, आजीशी काहीतरी बोलत चिकटपट्टी काढली, कापूस दाबून धरला, दुसऱ्या हाताची शीर चाचपली आणि मग मागे वळून हाक मारली, सिस्टर, व्हेनफ्लॉन बदलावा लागते. इन्चार्ज सिस्टर येऊन शेजारी उभ्या राहिल्या, हात लावला नाही, नुसत्या बघत राहिल्या. पोरीने पहिल्याच प्रिकला शीर घेतली. आमच्याकडे तिने बघितलंही नाही.

भाची बराच वेळ गप्प होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "आत्या, ती माझ्याहून किती मोठी असेल? दोन-तीन वर्षं?" मी म्हटलं तेवढीच. मग म्हणाली, मला इथेच यायचंय. भावाने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्या उडालेल्या रंगाकडे, आणि म्हणाला बरं.

तो अजून पूर्ण खूश नाही. कुणी विचारलं तर "नर्सिंगला आहे" एवढंच सांगतो, पुढचं काही बोलत नाही. भाचीचे फोन येतात, पाय दुखतात, मेसचं वरण पातळ असतं, इन्चार्ज सिस्टर फार ओरडतात. पहिल्यांदा डेथ झाली वॉर्डात तेव्हा रात्री उशिरा फोन केला, बॉडी पॅक कशी करायची ते तिला दाखवलं होतं. बोलत राहिले तिच्याशी, दुसरं काय करणार.

त्या खासगी कॉलेजच्या यावर्षीच्या सीटा भरल्या असं ऐकलं. आमच्यासारखा तिसरा रस्ता नसणारेच जास्त असतात. सरकारी जागा वाढायला हव्यात हे सगळेच म्हणतात, २०२३ च्या बजेटमध्ये नवीन सरकारी मेडिकल कॉलेजांच्या जोडीला १५७ नर्सिंग कॉलेजं काढायची घोषणा झाली ती याचसाठी, कारण तिथे निदान पेशंट आधीपासून असतात. पण ज्या पोरी आत्ता सेकंड इयरला, थर्ड इयरला अडकल्यात त्यांच्यासाठी त्याचा काय उपयोग.

ती टपरीवर भेटलेली पोरगी आता मला फोन करते. तिला घ्यायची का नाही हा प्रश्न राहिलेलाच नाही, तिची फी भरून झालीय, बापाने सोनं ठेवलंय. तिच्या वर्गातल्या सगळ्यांनी मिळून विद्यापीठाला अर्ज करायचं ठरवलंय की आम्हाला पोस्टिंगसाठी सरकारी रुग्णालयात पाठवा. मला विचारत होती काय लिहू. म्हटलं, ट्रस्टींच्या भांडणाबद्दल एक अक्षर लिहू नकोस, ते त्यांचं ते बघतील. कुठल्या विषयाचे किती तास व्हायला हवे होते आणि किती झाले ते महिन्यावार तक्त्यात लिही, खाली सगळ्यांच्या सह्या घे, एकटीची नको, नाहीतर इंटर्नलचे मार्क कापतील. एक प्रत नाशिकला विद्यापीठात, एक महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला मुंबईला, एक कॉलेजला. पोस्टाने पाठवायचं तर स्पीड पोस्टनेच, आणि कुणी हातोहात न्यायला तयार असेल तर त्याला सांग, इनवर्ड नंबर आणि शिक्का मारलेली प्रत हातात घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नको, जेवणाची सुट्टी झाली म्हणाले तरी तिथेच बस.